फोन रिसेट करण्याआधी

(युवा अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे 'इंटरनेट आणि पोलीस तपास'. मी वकील नाही, पोलिसांतही नाही. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. सर्व्हरवर कोण कधी आलं, काय करून गेलं, याच्या नोंदी वाचणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून आयोजकांना वाटलं की हा माणूस या विषयावर बोलू शकेल. पण मी इथे तज्ज्ञ म्हणून उभा नाही. या विषयात मी स्वतः एक मोठी चूक केली आहे आणि ती तुमच्यापैकी कुणी करू नये, म्हणून आलो आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेबाराला आपाचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. आवाज थरथरत होता. माझ्या भाच्याच्या इन्स्टाग्रामवर एक वाईट मजकूर पडला होता. महापुरुषाचा अपमान करणारा. तो काय होता ते मी इथे सांगणार नाही, सांगायची गरजही नाही. भाचा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्या मजकुराचे स्क्रीनशॉट गावभर फिरत होते. पोलीस ठाण्यातून फोन आला होता, 'सकाळी मुलाला मोबाइल घेऊन पाठवा.'

मी गाडी काढली आणि दोन तासांत त्यांच्या घरी पोहोचलो. भाचा कोपऱ्यात बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, 'मामू, मैं नै डाल्या वो.'

माझा त्याच्यावर विश्वास होता. आणि विश्वास असूनही मी काय केलं? त्याचा फोन हातात घेतला आणि फॅक्टरी रिसेट केला. सगळं पुसून टाकलं. मनात एकच विचार होता, पोलिसांच्या हातात काही लागायला नको. घरातल्या मोठ्यांनीही मान हलवली, 'बरं केलंस, तू इंजिनिअर आहेस, तुला कळतं.'

मला काहीच कळत नव्हतं. त्या फोनमध्ये मुलाच्या विरोधातलं काहीच नव्हतं. उलट तो निर्दोष आहे हे दाखवणारा जवळजवळ सगळा पुरावा त्याच फोनमध्ये होता, आणि तो मी माझ्या हाताने पुसला होता. तो कसा, हे समजण्यासाठी आधी पोलीस इंटरनेटवर माणूस शोधतात कसे, ते पाहू.

पत्ता आणि वेळ

तुम्ही इंटरनेटला जोडले जाता तेव्हा कंपनी तुम्हाला एक आकडा देते, त्याला आयपी पत्ता म्हणतात. तुम्ही एखादी पोस्ट टाकली की इन्स्टाग्राम किंवा फेसबुकचा सर्व्हर नोंद करतो, अमुक खात्यातून, अमुक वेळी, अमुक आयपी पत्त्यावरून ही पोस्ट आली. पोलीस आधी त्या कंपनीकडे आयपी पत्ता मागतात. मग तो पत्ता ज्या इंटरनेट कंपनीचा असेल तिला विचारतात, त्या वेळी हा पत्ता कोणत्या ग्राहकाला दिला होता? ग्राहकाचं नाव येतं, घराचा पत्ता येतो, पोलीस दारात येतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा वेळेचा. आयपी पत्ता कायमचा एकाचाच नसतो. आज सकाळी माझा, दुपारी तुमचा. म्हणून नुसता पत्ता पुरत नाही, वेळही अचूक लागते. परदेशी सर्व्हरच्या नोंदी बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे आहेत. सर्व्हर म्हणतो २० वाजून १५ मिनिटं. याचा अर्थ आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, १ वाजून ४५ मिनिटं. कुणी ती वेळ भारतीय समजून वाचली, तर भलत्याच माणसाचं नाव येईल. तारीखसुद्धा चुकेल.

दुसरा खड्डा वाटणीचा. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. माणसं, मोबाइल, कॅमेरे, टीव्ही, सगळ्यांना ते पुरत नाहीत. म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. चाळीतल्या सगळ्या घरांना मिळून एकच घरनंबर असावा, तसं. अशा वेळी पोर्ट नंबर नावाचा आणखी एक आकडा लागतो. तो नसेल तर अनेक नावांतून एक नाव कसं काढणार?

तिसरा खड्डा सगळ्यात महत्त्वाचा. आयपी पत्ता जोडणी दाखवतो, माणूस दाखवत नाही. वायफाय वडिलांच्या नावावर असतं, वापरतात घरातले पाच जण आणि पासवर्ड माहीत असलेला शेजारी.

हे खड्डे काल्पनिक नाहीत. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला होता. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. आयपी पत्ता मिळाला, इंटरनेट कंपनीने ग्राहकाचं नाव दिलं आणि बंगळुरूमधल्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरला ऑगस्टअखेरीस अटक करून पुण्याला आणलं. तो सुमारे ५० दिवस तुरुंगात होता. नंतर कळलं की तो पत्ता त्याचा नव्हताच. कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. एका चुकीच्या नोंदीने एका माणसाच्या आयुष्यातले पन्नास दिवस गेले.

तो इंजिनिअर मुसलमान नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. ही चूक कुणाच्याही बाबतीत होऊ शकते. 'हे फक्त आपल्याच बाबतीत होतं' असं म्हणत बसलो तर चूक नेमकी कुठे झाली हे आपण कधीच शोधणार नाही.

साधन तेच, इच्छा वेगळी

आता याची दुसरी बाजू. मी इंजिनिअर आहे, म्हणून मला तंत्रज्ञानाचं कौतुक आहे. पण तपास तंत्रज्ञान करत नाही, माणसं करतात.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्याबद्दल प्रश्न विचारणारी साधी पोस्ट टाकली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली आणि पोस्ट टाकणारीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. शोधायला काही अवघड नव्हतं, मुलीने स्वतःच्या नावाने लिहिलं होतं. पुढे तो गुन्हा टिकला नाही. या अटकेनंतर एका तरुणीने, श्रेया सिंघलने, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं.

याउलट जुलै २०२१ मधलं 'सुल्ली डील्स' प्रकरण बघा. मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारं ॲप गिटहबवर टाकलं गेलं. मी स्वतः कामासाठी रोज गिटहब वापरतो. ज्या जागी आम्ही कोड ठेवतो, त्याच जागी कुणीतरी आमच्या बहिणींचे फोटो मांडले होते. तक्रारी झाल्या, गुन्हे नोंदले गेले आणि सहा महिने एकही अटक झाली नाही. परदेशी कंपनीकडून माहिती यायला वेळ लागतो, असं सांगितलं गेलं.

मग १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचं तसंच दुसरं ॲप आलं. त्यात शंभराहून अधिक स्त्रियांचे फोटो होते. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. या वेळी मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि काही दिवसांतच बंगळुरूतून २१ वर्षांच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याला आणि उत्तराखंडातून १८ वर्षांच्या एका मुलीला अटक केली. संशय भलतीकडे जावा म्हणून काही खात्यांना शीख वाटतील अशी नावं दिली होती, हेही पोलिसांनी उघड केलं. त्याच आठवड्यात दिल्ली पोलिसांनी आसाममधून एकाला पकडलं आणि 'सुल्ली डील्स'मधली पहिली अटकही त्यानंतर लगेच, इंदूरहून झाली.

गिटहब तेच होतं, कायदेही तेच. जे सहा महिन्यांत झालं नव्हतं ते आठवडाभरात झालं. म्हणून कुणी तुम्हाला म्हणालं की 'इंटरनेटवरचा माणूस सापडत नाही', तर विश्वास ठेवू नका. बहुतेक वेळा सापडतो. प्रश्न असतो तो शोधायला सुरुवात कोण करतं आणि कुणासाठी करतं याचा. पण सुरुवात झाली ती तक्रार झाली म्हणून, हेही विसरू नका. त्या स्त्रियांनी लाजून गप्प बसायचं नाकारलं, नावानिशी तक्रारी दिल्या. आपल्या मुलींना आपण सांगतो, 'जाऊ दे, बदनामी होईल, खातं बंद कर.' हा सल्ला आरोपीच्या फायद्याचा असतो.

तपासाच्या आधी जमाव पोहोचतो

तपासाला दिवस लागतात, महिने लागतात. फॉरवर्डला काही सेकंद पुरतात. माझ्या मते इंटरनेटने तपासावर केलेला सगळ्यात मोठा परिणाम हा आहे. पोस्ट कुणी टाकली हे कळायच्या आत तिची शिक्षा कुणाला तरी देऊन झालेली असते.

२ जून २०१४. पुण्यात हडपसरला आयटीत काम करणारा एक तरुण रात्री घराकडे निघाला होता. फेसबुकवर कुणीतरी महाराजांची आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रं टाकली होती, त्यावरून वातावरण तापलेलं होतं. त्या चित्रांशी या तरुणाचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढं पुरलं. जमावाने त्याला मारून टाकलं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि आणखी एक तरुण गेला.

भाच्याच्या घरी त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर हडपसर होतं. म्हणून मी घाबरलो. ही भीती खरी आहे, ती कुणी वेडेपणा म्हणू नये.

पण आपण आपल्याशीही प्रामाणिक राहू. ११ ऑगस्ट २०१२ ला मुंबईत आझाद मैदानावर काय झालं? आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसेचा निषेध करायला लोक जमले होते. त्याआधी कितीतरी दिवस मोबाइलवर भयंकर फोटो फिरत होते. त्यातले बरेच खोटे होते, दुसऱ्याच देशातले, दुसऱ्याच प्रसंगांचे होते. ते कुणी तपासले? आपल्याच लोकांनी पुढे पाठवले. त्या दिवशी हिंसाचार झाला, दोन जणांचा जीव गेला, महिला पोलिसांवर हात टाकले गेले, अमर जवान स्मारकाची तोडफोड झाली. त्याच दिवसांत अफवांच्या संदेशांमुळे ईशान्येकडची मुलंमुली पुणे आणि बंगळुरू सोडून रेल्वेने गावी पळाली. आपल्या समाजाकडून धोका आहे, अशी ती अफवा होती. आपण इथे बळीही होतो आणि वाहकही होतो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्यात हिंदू-मुसलमान असं काहीच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा होती आणि परक्याबद्दलचा संशय होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली. पाच मरणांनंतर पाचची मर्यादा. आपल्या बोटाला मर्यादा घालणं मात्र कुठल्या कंपनीच्या हातात नाही.

स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे

आता थोडं कोर्टाकडे वळू. भाच्याविरुद्ध गावभर जे फिरत होतं ते स्क्रीनशॉट होते. स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं चित्र. मी तुम्हाला पाच मिनिटांत कुणाच्याही नावाने कुठलाही स्क्रीनशॉट बनवून दाखवू शकतो. त्यासाठी इंजिनिअर असायचीही गरज नाही.

न्यायालयांना हे माहीत आहे. यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर भरला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. प्रश्न उभा राहिला, इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत कोर्टात कशी सिद्ध करायची? १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रत द्यायची असेल तर कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्र त्याचा मालक स्वतः कोर्टात घेऊन आला आणि त्याने साक्ष दिली, तर गोष्ट वेगळी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. जप्तीच्या दिवशीचा ठसा आणि कोर्टातल्या दिवशीचा ठसा एकच असेल, तर मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही. ही गोष्ट आरोपीला जितकी वाचवते तितकीच प्रामाणिक पोलिसालाही वाचवते.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल दोन गैरसमज दूर करतो. पहिला, 'संदेश एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पोलिसांना काही कळत नाही.' २०१६ पासून संदेश दोन्ही टोकांना बंद असतात, मधल्या सर्व्हरवर कुणाला वाचता येत नाहीत, हे खरं. पण तुमचा फोन किंवा ग्रुपमधल्या एका जरी सदस्याचा फोन हातात आला की सगळं उघडं असतं. दुसरा गैरसमज, 'ग्रुपमध्ये कुणीही काही टाकलं तर ॲडमिन आत जातो.' मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, सामायिक हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला नुसता ॲडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. म्हणून ॲडमिन व्हायला घाबरू नका. पण ॲडमिन असून द्वेषाचा मजकूर काढत नसाल, तर कायदा सोडेल, माझं मन तुम्हाला सोडणार नाही.

मग भाच्याचं काय झालं?

सकाळी आम्ही ठाण्यात गेलो. ओळखीचे एक वकील बरोबर घेतले, ही एक गोष्ट बरोबर केली. फौजदार साहेबांनी फोन उघडला, तो कोरा होता. त्यांनी विचारलं, 'हा पुसला कुणी?' मी म्हणालो, 'मी.' 'काय काम करता?' 'सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे.' ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, 'मग हे कसं केलंत? आता मी काय समजू?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुरावा म्हणून लागू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद ती पुढे येऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे ज्याने काही केलं नव्हतं त्याच्याभोवती संशय मी वाढवला होता, आणि स्वतःही अडकायच्या बेतात होतो. मी खरं ते सगळं जबाबात सांगितलं, कधी पुसला, का पुसला. वकिलांनी तोच सल्ला दिला होता.

पुसलं काय होतं ते ऐका. त्या रात्री भाचा मावसबहिणीच्या लग्नात होता, त्याने तिथे फोटो काढले होते, प्रत्येक फोटोवर वेळ होती. ते बॅकअपला गेलेले नव्हते. सगळं गेलं.

वाचलं ते माझ्या हाताबाहेर होतं म्हणून. त्याच्या ईमेलमध्ये इन्स्टाग्रामचं एक पत्र होतं, नवीन उपकरणावरून लॉगिन झाल्याची सूचना देणारं. ते सर्व्हरवर होतं, फोन पुसल्याने गेलं नाही. त्या वेळी भाचा लग्नाच्या पंगतीत वाढत होता आणि फोटोग्राफरच्या मूळ चित्रीकरणात तो दिसत होता. मग आठवलं, परीक्षेचा फॉर्म भरायला तो एका झेरॉक्सच्या दुकानात गेला होता. तिथल्या कॉम्प्युटरवर त्याने इन्स्टाग्राम उघडलं होतं आणि पासवर्ड तसाच सेव्ह राहिला होता.

पोलिसांनी नोंदी मागवल्या. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आपाचं वजन दहा किलोने उतरलं, भाचा कॉलेजला जायचा बंद झाला, एक सेमिस्टर गेलं. शेवटी तपास त्या दुकानाच्या जोडणीपर्यंत गेला आणि तिथून एका मुलापर्यंत. अठरा वर्षांचा, त्याच्याच वर्गातला. भांडण क्रिकेटच्या टीमवरून झालेलं होतं.

ज्या दिवशी हे कळलं त्या रात्री मी त्या मुलाचा फोटो मोबाइलवर उघडला. खाली त्याचं नाव लिहिलं. मनात होतं, आता फिरू दे ह्याला गावभर. चार महिने आम्ही जे सोसलं ते ह्यालाही कळू दे. आपा शेजारी बसली होती. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, 'अब उसके घर पर पत्थर भिजवाना है क्या?'

मी फोटो पाठवला नाही. मी भला माणूस आहे म्हणून नव्हे, तिने विचारलं म्हणून.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

आता कामाचं सांगतो. हे लिहून घ्या.

पहिलं, काहीही पुसू नका. तुमच्या खात्यातून तुम्ही न टाकलेलं काही गेलं, तर आधी लॉगिनच्या यादीचे, ईमेलच्या सूचनांचे फोटो दुसऱ्या मोबाइलने काढा. खात्याचा डेटा डाउनलोड करायची सोय इन्स्टाग्राम, फेसबुक, गूगल सगळीकडे आहे, ती वापरा. मग पासवर्ड बदला, बाकी उपकरणं लॉगआउट करा आणि लगेच स्वतःच लेखी तक्रार द्या. तक्रार आपण आधी देणं आणि नंतर खुलासा करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच, इथून उठायच्या आधी सुरू करा. झेरॉक्सच्या दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये लॉगिन केलंत तर लॉगआउट करूनच उठा. भाच्याने एवढं केलं असतं तर मी आज इथे नसतो.

तिसरं, पोलिसांनी बोलावलं तर जा, पण नम्रपणे लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक न करता हजर राहायची नोटीस देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहत असाल तर कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. अटक झालीच, तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलंच पाहिजे, आणि चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क आहे.

चौथं, फोन जप्त होत असेल तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक आहे, कलम १०५. फोनचा मॉडेल, आयएमईआय नंबर आणि शक्य असेल तिथे हॅश व्हॅल्यू त्यात येऊ द्या. मागणी लेखी करा, वाद घालू नका.

पाचवं, गुन्ह्याची माहिती घ्या. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. गावात काय बोललं जातं ते ऐकत बसू नका, एफआयआर उघडून कलमं वाचा.

सहावं, खोट्या पोलिसांपासून सावध राहा. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून कुणी म्हणालं की तुमचं नाव दहशतवादाच्या प्रकरणात आलं आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, पैसे भरा, तर फोन ठेवा. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. आपल्या समाजाच्या मनातली भीती या ठगांना बरोबर कळते, म्हणून आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे घरी जाऊन सांगा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त.

एक शेवटचं सांगतो आणि थांबतो. आपल्यातल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. सगळ्यांनी अमेरिकेतल्या बँकांसाठीच कोड लिहायला हवा असं नाही. डिजिटल फॉरेन्सिक शिका, सायबर कायदा शिका, पोलीस भरतीची परीक्षा द्या. त्या दिवशी फौजदार साहेबांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि सायबरचं समजणारा शिपाई अख्ख्या ठाण्यात एक होता. आपण बाहेर उभं राहून 'तपास नीट होत नाही' असं म्हणतो. तो नीट करणाऱ्यांत आपली माणसंही असली पाहिजेत.

भाचा आता शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात त्याने मला फोन केला. मित्राच्या खात्यावर कुणीतरी भलतंच काही टाकलं होतं आणि तो मित्र रडत होता. हा मला म्हणाला, 'मामू, मैंने उसका फोन हात में बी नै लिया. पहले बोल्या, कुछ डिलीट मत कर.'

मी एवढंच म्हणालो, शाबास.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.